काकड्यापर्यंत पुरेल एवढी वीज

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चाकांवरचं घर, आत झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय, पाण्याची टाकी, दिवे. जिथं दिवस मावळेल तिथं मुक्काम. ती बातमी मी पारावर वाचून दाखवली, तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, "मंग यात नवं काय हाय, गुरुजी? आपला टेम्पो दुसरं काय करतो?"

त्यांचं खरंच होतं. हिंगोली जिल्ह्यात चाकांवरचा संसार कुणाला नवा नाही. नर्सी हे नामदेवांचं जन्मगाव, तिथून त्यांची पालखी पंढरपूरला निघते. शेगावची गजानन महाराजांची पालखी रिसोडकडून सेनगाव तालुक्यात येते आणि औंढ्यावरून परभणीकडे जाते. या मोठ्या पालख्यांच्या आगेमागे आमच्यासारख्या लहान गावदिंड्या चालत असतात. सव्वाशे माणसं, एक वीणा, चार-पाच पखवाज, आणि सगळ्यांच्या वळकट्या, राहुट्यांचे बांबू, तेलाचे डबे, पातेली घेऊन पुढच्या मुक्कामाला जाऊन थांबणारा एक टेम्पो. त्याच्या आत आणि त्याच्या भोवती तीनेक आठवडे अख्खं गाव राहतं. विजेचा खांब असेल तर असेल, नसेल तर नसेल.

या टेम्पोत नीट इन्व्हर्टर बसवायचा, असं यंदा दिंडीच्या भिशीच्या बैठकीत ठरलं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. वास्तविक ते बत्तीवाल्या काकांचं काम. पण काका जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्यांच्या हातची बत्ती आता देवळाच्या माळ्यावर पडून आहे.

माझ्या लहानपणी दिंडीबरोबर टेम्पो नव्हता, बैलगाड्या होत्या. गाडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. त्याच्या उजेडात बैलांचे पाय आणि चाकाची सावली एवढंच दिसायचं. मुक्कामाला पोचलं की कंदिलाचं राज्य संपे आणि गॅसबत्तीचं सुरू होई. काका मैदानाच्या कडेला गोणपाट अंथरून बसत. आधी वाटीत स्पिरिट ओतून नळी तापवायची, मग पंप मारायचा, मग सुई फिरवायची. नवी जाळी बांधलेली असली की आम्हा पोरांना लांब बसवत. ती कापडाची जाळी एकदा जळली की तिची नुसती राख उरते, आणि ती राखच उजेड देते. बोट लागलं तर भुगा. ती राख मुख्यतः थोरियमच्या ऑक्साइडची असते आणि ही युक्ती ऑयर फोन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाची, हे मला पुढे कॉलेजात कळलं. दाबाखालच्या रॉकेलच्या वाफेवर जळणारा पेट्रोमॅक्स बर्लिनमध्ये १९१० च्या सुमारास तयार झाला. काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की जाळी पांढरी फटक पडली म्हणजे दाब बरोबर आहे, आणि पिवळी पडली म्हणजे पंप मारायचाय.

पण काकांचं खरं कसब पेटवण्यात नव्हतं, ते हिशेबात होतं. दुपारच्या विसाव्यालाच ते विणेकरी बुवांजवळ जाऊन विचारत, "आज कीर्तन कोणाचं?" अमुक बुवा असले की टाकी गळ्यापर्यंत भरायची, कारण ते उत्तररंगात शिरले की वेळेचं भान ठेवत नसत. तमुक असले तर पाऊण टाकी. पंगत उठली की एक बत्ती बंद, दुसरीचा दाब कमी. पहाटेच्या काकड्यासाठी बाटलीत निराळं रॉकेल राखलेलं, त्याला मध्यरात्री कुणी हात लावायचा नाही. पुढच्या गावात रॉकेल मिळेल की नाही, कोणत्या सोसायटीच्या दुकानात मिळेल, कोण उसनं देईल, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. रात्र कितीची आहे ते आधी बघायचं, मग तेल घ्यायचं. यंदा इन्व्हर्टरच्या दुकानात उभा राहिलो तेव्हा मला पुन्हा पुन्हा हेच आठवत होतं, कारण तिथं गोष्ट उलटीकडून सुरू होते. आधी केवढा घ्यायचा ते विचारतात. कशासाठी, ते नंतर.

त्या बत्तीच्या उजेडाची आठवण काढताना आमच्या पिढीचे लोक जरा वाहवत जातात. मी वाहवणार नाही. रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहायला माझी आई असे, आठवणी लिहिणारे नव्हते. लग्नाच्या वरातीत त्याच बत्त्या डोक्यावर घेऊन चार पैशांसाठी चालणाऱ्या बायांच्या मानेकडे कुणी बघत नसे. आणि दिंडीत बत्तीच्या वर्तुळाबाहेर जो काळोख होता, त्यात रात्री उठून जायची वेळ बायकांवर यायची तेव्हा त्या चौघी-चौघी मिळून जात. शिवाय लिटरभर रॉकेलमध्ये साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते. ती सगळी रात्रभर जाळून हाती यायचा एक दिवा. उरलेली उष्णता होऊन आभाळात. आज आमची अख्खी दिंडी दोन युनिटांत रात्र काढते. ते कसं, ते सांगतोच.

मधला काळ जनरेटरचा. त्याबद्दल माझ्याकडे चांगलं सांगण्यासारखं थोडंच आहे. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर टाकायचा, लांब बांधाआड ठेवायचा, तरी त्याची भडभड पखवाजात मिसळायचीच. त्याच्यापाशी एक पोरगं बसवावं लागे, आणि त्या पोराच्या वाट्याला त्या वर्षी कीर्तन येत नसे. पुढे रेशनवरचं रॉकेल दिसेनासं झालं आणि जनरेटरही गेला. कुणी हळहळलं नाही.

इन्व्हर्टर आमच्याकडे दिंडीतून आला नाही, लोडशेडिंगमधून आला. २००५ साली वीज मंडळाची वाटणी होऊन महावितरण झाली, आणि नेमकी तीच वर्षं खेड्यांतल्या अंधाराची होती. येलदरीला पूर्णेवर जलविद्युत केंद्र आहे. त्या धरणाच्या पाण्याकाठच्या गावांतही संध्याकाळी चिमण्या पेटायच्या. हिंगोलीत, वसमतला, कळमनुरीला तेव्हा बॅटरीची दुकानं निघाली. मास्तर, डॉक्टर, कापड दुकानदार यांच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात एक खोकं आलं, त्याच्या खाली पाण्याची बॅटरी, आणि वीज गेली की पंखा घुं-घुं करत फिरायला लागायचा. ते घुंघुंणं चौकोनी लहरीचं. मंडळाची वीज गोलाईने चढते-उतरते. स्वस्तातला इन्व्हर्टर तिला एकदम वर, एकदम खाली अशी तोडून देतो. दिव्याला फरक पडत नाही, मोटारीला पडतो, आणि कीर्तनाच्या कर्ण्याला तर फारच पडतो. बुवा अभंगाची पहिली ओळ घेत आणि मागून कर्णा आपला एकसुरी सूर धरत असे.

असलाच एक घरगुती इन्व्हर्टर कुणीतरी दिंडीला दिला आणि तो टेम्पोत चढला. त्याने पहिल्याच वर्षी आम्हाला पुष्कळ शिकवलं. बॅटरी सुतळीने बांधली होती, ती घाटात आडवी झाली आणि आम्लाने दोन वळकट्या खाल्ल्या. दुसऱ्या रात्री इन्व्हर्टर ऐन कीर्तनात बंद पडला. बघतो तर त्याच्या जाळीवर गोधड्यांची थप्पी, आत वारा जायला जागाच नाही. तिसरी अडचण सगळ्यात मोठी, ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. घरचा इन्व्हर्टर भिंतीतल्या विजेवर दहा-बारा तास निवांत भरत राहतो. इथे शाळेच्या व्हरांड्यात बोर्ड सापडायचा संध्याकाळी, आणि पहाटे तर निघायचं.

त्याच काळात आमच्यापुढे चालणाऱ्या एका दिंडीच्या मोठ्या ट्रकाचा किस्सा झाला. मोठ्या ट्रकात बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. चालकाने बारा व्होल्टचं सामान लावायला दोनपैकी एकीवरूनच वायर काढली. ती एकटी रोज रिकामी व्हायची, दुसरी भरलेली राहायची, आणि भरताना मात्र दोघींना सारखाच घास. परळीच्या पुढे ट्रक ढकलस्टार्ट. पन्नास वारकरी माउली-माउली म्हणत ट्रक ढकलतायत, हे दृश्य भक्तिभावाचं असलं तरी टाळता येण्यासारखं होतं. चोवीसचे बारा करायचे तर त्यासाठी निराळा कन्व्हर्टर मिळतो. आणि गाडी सुरू करायची बॅटरी रात्रीच्या दिव्यांना वापरूच नये. दिव्यांची निराळी हवी.

तर यंदाचं दुकान. दुकानदार ओळखीचा, माझाच विद्यार्थी. म्हणाला, "गुरुजी, दोन केव्हीएचा न्या, पुढचं टेन्शनच नाही." मी म्हटलं, "बाळा, रिकामा चालू राहिला तर हा स्वतः किती खातो?" त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. मोठा इन्व्हर्टर काही काम नसतानाही वीस-तीस वॅट खात बसतो. बारा तासांत त्याचे अडीचशे-साडेतीनशे वॅट-तास झाले, म्हणजे आमच्या राहुट्यांचे दिवे जेवढी खातात तेवढी वीज नुसत्या खोक्याने खाल्ली. मग मी काकांची पद्धत धरली. वहीत रात्र मांडली.

नऊ वॅटचे दहा दिवे, सातपासून दहापर्यंत: दोनशे सत्तर वॅट-तास. त्यातले दोन पुढे काकड्यापर्यंत, टेम्पोपाशी एक आणि बायकांच्या राहुटीकडे जाणाऱ्या वाटेवर एक: आणखी दीडशेच्या आत. हरिपाठ, कीर्तन आणि काकडा मिळून कर्णा तीन तास, सरासरी साठ वॅट: एकशे ऐंशी. इथवर सगळं मिळून सहाशे. मग आले मोबाईल. सव्वाशे माणसांत ऐंशी धरले, प्रत्येकाला रोज बारा वॅट-तास, वर चार्जरमधली घट: अकराशे. दिवे आणि देव यांच्यापेक्षा मोबाईल दुपटीच्या घरात!

बैठकीत हा आकडा वाचला तेव्हा दिंडीच्या अध्यक्षांनी लगेच सुचवलं, "मोबाईलला बंदी घाला. वारीत कशाला लागतो?" टाळ्याही पडल्या. मला मात्र ते पटलं नाही. आमच्या वेळी दिंडी निघाली की तीन आठवडे घरच्यांना काही कळत नसे. परळीहून टाकलेलं पोस्टकार्ड माणूस पंढरपूरहून परतल्यावर गावात पोचायचं. एकदा एक बाई वाटेत आजारी पडून अंबाजोगाईच्या दवाखान्यात होती, तिच्या लेकाला कळलं तेव्हा ती बरी होऊन घरी आली होती. आज सत्तरीची आक्का मुक्कामाला आली की चाकणला कंपनीत असलेल्या नातवाला चेहरा दाखवते, आणि मग पाय चेपत बसते. माझ्या हिशेबात मोबाईलचा वाटा कर्ण्याच्याही आधी. फक्त एक नियम केला: चार्जिंगच्या पाटीला वीस खोबण्या, प्रत्येक फोनला नावाची पट्टी, भरला की काढायचा. रील बघत फोन लावून ठेवायचा नाही.

बेरीज सतराशे झाली. इन्व्हर्टरमधून जाताना दहा-पंधरा टक्के गळतात, म्हणजे बॅटरीतून दोन हजार, दोन युनिट. घरोघरी असते ती दीडशे अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर अठराशे वॅट-तासांची. पण ती रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते, निम्म्याच्या आसपास थांबवावी. म्हणजे अशा दोन हव्यात, आणि दोघींचं वजन शंभर किलोच्या वर. त्याऐवजी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची दोनशे अँपिअर-तासाची एक घेतली तर ती अडीच हजारांची, त्यातले ऐंशी टक्के बिनघोर वापरता येतात. वजन पंचवीस किलोच्या आसपास, पाणी घालायला नको, आडवी झाली तर वळकट्या खात नाही. किंमत ऐकून अध्यक्षांनी उपरणं सावरलं. मग मी वजनाच्या फरकात तांदळाची गोणी जास्त जाईल ते सांगितलं, तेव्हा आचारी माझ्या बाजूने झाला.

आणि एवढं झाल्यावर मला कळलं की इन्व्हर्टर फारच लहान पुरेल. बॅटरी बाराची आहे. मोबाईल गाडीतल्या चार्जरसारखे थेट बारावर भरतात. रिक्षावर लावतात तसला कर्ण्याचा अँप्लिफायर बारावर चालतो. टेम्पोजवळचे दिवेही बाराचे मिळतात. बाराचे दोनशे तीस करून परत पाचचे करायचे, ही उठाठेव कशाला? फक्त लांबच्या राहुट्यांना बारा पोचत नाही. वीस मीटर बारीक वायरीवरून पाच दिवे लावले तर तिकडे नवाच्या आसपास व्होल्ट उरतात आणि दिवे मिणमिणतात. तिथं दोनशे तीसच बरे. आणि एक मावशी दम्याच्या आहेत. पावसाळी रात्री त्यांना नेब्युलायझर लागतो, त्याच्या मोटारीला चौकोनी लहर सोसत नाही. तेव्हा शुद्ध साइन लहरीचा, आठशे व्हीएचा. व्हीए आणि वॅट एक नव्हेत, हेही बैठकीत सांगावं लागलं. आठशेतले साडेसहाशे वॅट धरून चालायचं. काम नसलं की बंद. बॅटरीपासून इन्व्हर्टर हातभरावर, मधली केबल अंगठ्यासारखी जाड, आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज, कारण पूर्ण भारावर तिथून साठ-सत्तर अँपिअर जातात. ओल्या राहुटीतल्या दोनशे तीसच्या वायरींना गळती दिसताच तोडणारा आरसीसीबी. पखवाज्याला हे सगळं फाजील वाटलं. आषाढात चिखलात अनवाणी उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावरून वायरी न्यायच्या असतील तर मला काहीच फाजील वाटत नाही.

भरायचं कसं? परदेशी मोटरहोमवाल्यांचं इथंच आमच्याशी जुळत नाही. ते दिवसात शेकडो किलोमीटर गाडी हाकतात, तेवढ्यात इंजिनवरच बॅटरी भरते. आमचा टेम्पो दिवसाला जातो वीस-पंचवीस किलोमीटर, तासाभरात पोचून उभा. अल्टरनेटरचा तासाभराचा घास कितीसा? म्हणून टपावर सोलरच्या दोन पाट्या, तीनशे तीस वॅटच्या. टेम्पो दिवसभर उघड्यावर उभा असतो हा इथं फायदाच. आभाळ भरलेलं असलं तरी दोन-तीन तासांच्या उन्हाइतकं पदरात पडतं, म्हणजे गळती वजा जाता हजार ते चौदाशे वॅट-तास. बाकीचं शाळेच्या नाहीतर मंदिराच्या बोर्डावरून, विचारून. विचारायला मात्र अजून तेच लागतं जे काकांना रॉकेल उसनं मागताना लागायचं: त्या गावात आपली ओळख.

सगळं ठरलं, कागदावर सह्या झाल्या, आणि आचाऱ्याने हात वर केला. "गुरुजी, तेवढा मिक्सर चालवू द्या. पाच मिन्टाचं काम हाय."

पाच मिनिटांचंच होतं. साडेसातशे वॅटचा मिक्सर पाच मिनिटं फिरला तर वीज लागते साठेक वॅट-तास, किरकोळ. पण सुरू होताना तो दुप्पट-तिप्पट ओढतो, आणि आमचा आठशे व्हीएचा तिथंच मान टाकणार. चटणीसाठी इन्व्हर्टर दुप्पट मोठा घ्यायचा, म्हणजे पुन्हा तो रिकामा असताना खात बसणार. मी वही पुढे केली. सगळ्यांनी आचाऱ्याकडे पाहिलं. बायकांच्या बाजूने आवाज आला की शेंगदाण्याची चटणी घरूनच डब्यांत न्यावी आणि ठेचा खलबत्त्यात कुटावा, तोच चांगला लागतो.

आचारी उठून उभा राहिला. "लागतो चांगला, मी कवा नाही म्हणलो? पण सव्वाशे मानसांचा ठेचा कुटायला मानूस कोण देता? ते बी लिवा तुमच्या वहीत."

लिहिलं. दोन माणसं, आळीपाळीने, आणि पहिल्या मुक्कामाची पाळी अध्यक्षांची.